एक जूनच्या मुली

विमल,

पेपरात तुझं वय छप्पन्न छापून आलं. जुन्या सवयीनं मी कात्री आणि पेन घेऊन बसले. कात्रण कापायचं, चूक असेल ती दुरुस्त करायची आणि फाइलला लावायचं. पेनाचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिले. छप्पन्न चूक आहे एवढं मला ठाऊक आहे. बरोबर किती, ते कुणालाच ठाऊक नाही. तुझी आई सांगायची, तू तूर काढायच्या दिवसांत झालीस. कोणत्या वर्षीची तूर, ते तिला कधी सांगता आलं नाही. शाळेच्या कागदावर मात्र तू एक जूनला जन्मलीस. कात्रण अजून टेबलावर आहे, दुरुस्तीविना.

काल तुझं तेरावं झालं. आज दुपारी चारला रेणुका माझ्याकडे येऊन गेली. या दोन दिवसांत जे झालं ते मला तुलाच सांगायचं आहे, कारण त्यातलं निम्मं तू करून ठेवलं आहेस.

हा कागद माझी नातवंडं, सानिका आणि अर्णवही वाचणार आहेत, कॅनडात. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझे डोळे बघून सानिकानं विचारलं, "आजी, खेळाच्या टीचर गेल्या म्हणून एवढं?" मी म्हटलं, टीचर नाही गं, माझी विमल. मग रेणुकाच्या जन्मतारखेची गोष्ट तिला सांगू लागले, तर ती म्हणाली, "पण कुणाचा बर्थडे चुकीचा कसा असू शकतो?" मी आयुष्यभर शिकवलं, आणि तेरा वर्षांच्या नातीला एवढंही सांगता येईना. तेव्हा तुझ्याशीच बोलते. ती दोघं शेजारी बसून ऐकतील असं समजू.

उमरीला आपल्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि तू खेळाची शिक्षिका. जूनमध्ये आयाबाया मुलांना हाताला धरून आणायच्या. जन्म कधीचा विचारलं की म्हणायच्या, "ह्याच्या भावाच्या पाठीवर दोन वरसानं." किंवा, "गावात वीज आली तवाचा." दाखला कुणाकडे असायचा नाही. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. मग मी सहा वर्षं मागे मोजायची आणि एक जून लिहायची. ही माझी युक्ती नव्हे. माझ्या आधीच्यांनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही. एकदा तू रजिस्टरात डोकावून म्हणालीस, "बाई, एक जूनला अख्ख्या उमरीचा वाढदिवस. एकच केक आणा, पुरंल. माझा बी एक तुकडा काढून ठेवा." मी हसले नाही. तेव्हा मला तारखांच्या रकान्यावर हसणं बरं वाटत नसे. रकाने भरलेले असले की मला शांत वाटायचं.

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या जूनमध्ये कांताबाई आली. घरची शेती, पेरणी तोंडावर, मोठी मुलगी दुसरीत आणि धाकटी पदराला धरून. "घ्या की बाई हिला. ताईसंगं बसंल. शेतात कुठं नेऊ, इचूकाट्याची?" मुलगी पाच वर्षांचीही नव्हती, हे मला दिसत होतं. मी रेणुका हे नाव लिहिलं, पुढे एक जून लिहिलं आणि वर्ष असं घातलं की सहा भरावेत. कांताबाईच्या तोंडावरचा ताण गेला. मलाही छान वाटलं. एक काम नीट झालं.

त्यानंतर मी निवृत्त होऊन लातूरच्या घरी आले. तू आधीच आपल्या संस्थेच्या लातूरच्या शाळेत बदलून आली होतीस, दोन गल्ल्या सोडून राहत होतीस. सकाळी मुलींना फुटबॉल शिकवून झालं की घामेजल्या अंगानं माझ्याकडे चहाला यायचीस आणि मी खुर्चीवर टॉवेल टाकायची. "बाई, मी काय चिखलातनं आली का?" "हो." "मग टाका."

लातुरात मुलींचा संघ उभा करणं म्हणजे काय, ते मी तुझ्या तोंडून ऐकलं. इथे पोरगी नववीत गेली की आईबापांचं लक्ष क्लासकडे. बाप मैदानावर येऊन विचारायचे, "मॅडम, याचे दहावीला मार्क मिळतात का?" खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हटलं की पोरगी यायची. गुण मिळाले की बूट माळ्यावर. तुझ्या किती चांगल्या मुली अशा गेल्या. तू त्यांची नावं घ्यायचीस, म्हणायचीस, ही आता फार्मसीला हाय, हिचं लगीन झालं उदगीरला. रागानं नव्हे. हरवलेल्या वस्तू कुठे ठेवल्या ते आठवावं तशी.

सानिकानं एकदा तिच्या क्लबचा तक्ता पाठवला होता, तो मी तुला दाखवला. तेरा वर्षांखालच्या, मग पंधरा, मग सतरा, मग कॉलेजचा संघ, मग मोठा क्लब, जिथे खेळण्याचा पगार मिळतो. रंगीत बाण काढलेले. तू चष्मा लावून तो दोनदा वाचलास. "आमचा बी तक्ता हाय की बाई. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आन् मग लगीन. बाण तेवढा काढायचा राह्यला." मग हसणं थांबवून म्हणालीस, राज्यानंतरची पायरी तुझ्या खेळायच्या दिवसांत नव्हती, हल्ली आहे. निवड चाचणी असते, राहून खेळायची अकादमी असते, तिथून मोठ्या क्लबांकडे जाता येतं. "पण तिथं पोरगी लहानपणीच घुसावी लागती. मागनं कोण घेत न्हाई."

आणि मग तू उमरीला तालुक्याच्या स्पर्धेला पंच म्हणून गेलीस आणि परत आलीस ती रेणुकाचं नाव घेऊनच. "बाई, ही बॉल यायच्या आदीच मान वळवून बघती. एकदा हिकडं, एकदा तिकडं. बॉल पायाशी आला की तिला म्हाईत असतं कोण कुठं हाय. हे शिकवता येत न्हाई." कांताबाईला विचारलंस, ही सवय कुठली, तर ती म्हणाली, "म्हशी राखती ना. एक हिकडं पळती, एक तिकडं." आठवीत तू तिला लातूरला आणलंस, वसतिगृहात ठेवलंस. तुझ्या सगळ्या मुलींत ती एकटी होती जिनं विचारलं, "मार्काचं ऱ्हाऊ द्या मॅडम. पुढं काय?"

मी तिला ओळखलं नव्हतं. तूच सांगितलंस, तुमच्या शेवटच्या जूनची पोर.

आता फेब्रुवारीतला तो दिवस. मला तो टाळता आला असता तर टाळला असता.

मी स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत होते. तू आलीस, खुर्चीवर टॉवेल नव्हता तरी बसलीस, आणि फॉर्म पुढे ठेवलास. अकादमीसाठी चौदा वर्षांखालच्या मुलींची चाचणी. रेणुका खरी साडेतेरा वर्षांची, कागदावर पावणेपंधरा. माझ्या हातच्या सव्वा वर्षानं ती बाहेर पडत होती. तू औशाला जाऊन आली होतीस, तिच्या आजोळी. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदेमळणी चालू असताना ती झाली, असं कांताबाईनं सांगितलं होतं, आणि तिथल्या जन्मनोंदीत तू त्या तारखेची ओळ शोधून काढली होतीस. मुलगी, बापाचं नाव, आईचं नाव. मुलीच्या नावाची जागा रिकामी.

"तुमी एवढंच लिवून द्यायचं," तू म्हणालीस, "की दाखला नव्हता, तारीख अंदाजानं घातली. ही वळ आन् तुमची चिठ्ठी, दोन्ही जोडून शाळेतनं दुरुस्तीला टाकते."

मी डाळीतला खडा बाजूला काढला. म्हटलं, "विमल, त्या रजिस्टरात एकच रेणुका नाही. मी लिहून दिलं की ही तारीख अंदाजानं घातली, तर उद्या कुणीही विचारेल, बाकीच्या? त्यातलं कुणी पोलिसात आहे, कुणी भरतीच्या रांगेत आहे."

"बाकीच्यांचं कोण इच्यारायलंय?"

"विचारलं तर?"

"बाई, तारीख घालताना तुमी कुणाला इच्यारलं न्हाई. दुरुस्त करायची म्हटलं तर सगळी उमरी मधी आणायलात."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "तुला मुलगी खेळवायची आहे, की तुझं राहिलेलं खेळून घ्यायचं आहे?"

तू चहाचा कप उचलला होतास तो खाली ठेवलास. आवाजही झाला नाही. "डाळ चांगली हाय," एवढंच म्हणालीस आणि गेलीस. फॉर्म टेबलावर राहिला. मी तो संध्याकाळी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तुझ्याकडे पोचवला, कोपरे न दुमडता. मी अशी आहे.

तिसऱ्या दिवशी तू पुन्हा चहाला आलीस. मी टॉवेल टाकला. आपण सगळं बोललो, हे सोडून. पुढचे सात महिने तेच. मला वाटायचं, तू विसरलीस. मग वाटायचं, तू मला विसरू देत आहेस. या दोहोंत फरक असतो का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही.

मार्चमध्ये तू रेणुकाला नांदेडला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या चाचणीला नेलंस, कारण कागदावर तिला तेवढंच दार उघडं होतं. मलाही म्हणालीस, "चला, एसटीत सोबत होईल." मी नेहमीसारखी पायरीवर छत्री उघडून बसले, शेजारी तुझी पिशवी. शिट्टी वाजली की का वाजली, ते नेहमीसारखं तुलाच विचारत होते. रेणुका मान वळवून वळवून बघत होती, बॉल कुठे जाणार ते तिला आधी कळत होतं, पण ती पोचली की तिच्याहून वीतभर उंच एखादी मुलगी तिला खांद्यानं बाजूला सारायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोपर सोलवटलं. चाचणी घेणारे गृहस्थ माझ्या समोरच उभे होते. शेजाऱ्याला म्हणाले, "हिला डोकं आहे. वय किती?" त्यानं कागद पाहिला. "पंधरा." "पंधराची? मग अंगानं फारच कमी आहे. वाढ नाही. सोडा."

मी ते ऐकलं. तूही ऐकलंस, तू चार पावलांवर होतीस. मला वाटलं, तू आता माझ्याकडे बघशील. तू बघितलं नाहीस. परतीच्या एसटीत रेणुका खिडकीशी झोपली आणि तू पिशवीतून पेरू काढलास, फोडलास आणि मोठी फोड मला दिलीस. बियांचा त्रास होतो म्हणून माझ्या फोडीतल्या बिया चमच्यानं काढून टाकल्यास. मी ती खाल्ली, विमल. मी तेव्हा बोलायला हवं होतं. अहमदपूर येईपर्यंत मी वाक्य जुळवत होते आणि अहमदपूरला बस चहासाठी थांबली.

आता कालचं.

तुझ्या घरी जेवणं उरकत आली होती. रेणुका पंगतीला वाढत होती. मला बघून हातातली बादली खाली ठेवून आली आणि वाकून पाया पडली. "बाई, तुमी माझ्यासाठी चिठ्ठी लिवून दिली होती ना. मॅडमनी सांगितलं मला. तिकडच्या लोकांनी चालू दिली न्हाई म्हणल्या. पण बाईंनी लगेच दिली, म्हणल्या. मला तुमास्नी भेटायचंच होतं, पण मॅडम म्हणायच्या, बाईंना असलं आभारबिभार आवडत न्हाई."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक, "जेवलीस का?" असं काहीतरी.

तू असं का सांगितलंस? माझी लाज राखायला? की मी एक दिवस लिहून देईन अशी तुझी खात्री होती, आणि तोवर माझी जागा धरून ठेवलीस? की तिला कळू नये म्हणून, की जिनं तिला शाळेत घेतलं तिनंच तिला अडवलं? रागावूनसुद्धा कुणी असं सांगत असेल का? काल घरी येऊन मी हे प्रश्न एका कागदावर क्रमांक घालून लिहिले. चार झाले. चारांसमोरची जागा रिकामी राहिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, चहा टाका आदी."

रेणुका काल आणखी एक सांगून गेली. अकादमीची पंधरा वर्षांखालची चाचणी दिवाळीनंतर आहे. ती खरी चौदाची, आत्ताच पोळ्याला झाली. कागदावर पंधराच्या वर. आणि ती दहावीला आहे. बोर्डाचा फॉर्म जायच्या आत शाळेतून तारीख दुरुस्त झाली तर झाली. एकदा ती तारीख बोर्डाच्या कागदावर छापली गेली की ही मुलगी जन्मभर एक जूनची. तुझ्यासारखी.

आज सकाळी मी कागद घेतला. चिठ्ठी लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दाखला नव्हता, मुलगी लहान दिसत होती, आईची अडचण पाहून मी तारीख आणि वर्ष दोन्ही अंदाजानं घातलं, याची जबाबदारी माझी. खाली सही. मग वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची वेळ आली आणि हात थांबला.

फेब्रुवारीची घातली असती तर सगळं जमून गेलं असतं. ही तीच चिठ्ठी, मॅडमच्या कागदांत सापडली, असं सांगता आलं असतं. तू खरी ठरली असतीस. रेणुकाच्या मनातली मी तशीच राहिले असते. मी फेब्रुवारीचा 'फे' लिहिलासुद्धा. मग तो कागद फाडला आणि सगळी चिठ्ठी पुन्हा लिहिली, आजची तारीख घालून. हे मी प्रामाणिकपणानं केलं की निव्वळ सवयीनं, ते मला सांगता येत नाही. तुला खोटं पाडलं की काय, तेही नाही. मुलीला खरं कळावं म्हणून केलं, की माझ्या मनावरचं ओझं तिच्यावर टाकलं? सानिका, तू मोठी झालीस की तुला कदाचित उत्तर सुचेल. मला कळव.

चारला रेणुका आली. सरावाचेच कपडे, गुडघ्यापर्यंत माती. मी खुर्चीवर टॉवेल टाकला आणि एकदम लक्षात आलं की हा टॉवेल कुणाचा. ती बसली. चिठ्ठी तिनं शाळेत मोठ्यानं वाचतात तशी ओठ हलवत वाचली. संपली. मग तिची नजर वर गेली, कोपऱ्यातल्या तारखेकडे. तिथेच थांबली.

"ही आजची हाय, बाई."

"हो."

"म्हंजे पहिली वाली तिकडंच ऱ्हायली का?"

"पहिली नव्हतीच. विमलनं मागितली होती. मी दिली नाही."

ती माझ्याकडे बघत होती. पंधरा म्हणा, चौदा म्हणा, त्या क्षणी ती मला फार लहान दिसली.

"का?"

मी रजिस्टराचं सांगितलं, बाकीच्या मुलांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आणि मला भीती वाटली. माझं चुकलं असं लिहायची."

"मग मॅडम खोटं का बोलल्या?"

"मला माहीत नाही गं."

"तुमास्नी बी न्हाई?" ती म्हणाली. जणू एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं. मग तिनं चिठ्ठी घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. मी प्लास्टिकचं पाकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं, चिठ्ठी आत सरकवली आणि पिशवीत बुटांच्या वर ठेवली, माती लागू नये अशी.

"मी सात म्हैने त्या लोकांना शिव्या घातल्या बाई. ज्यांनी चालू दिली न्हाई त्यांना."

मी चहा ओतला आणि कप तिच्यापुढे ठेवला.

चहा प्यायली. सगळा प्यायली, मी बघत होते. निघताना पाया पडली नाही. दारात बूट घालायला बसली, नाडी बांधायला तिला फार वेळ लागला. मग मान वळवून बघितलं तिनं, एकदा माझ्याकडे, एकदा आत, तू बसायचीस त्या खुर्चीकडे.

"शनिवारी मॅच हाय. मॅडम नसल्यावरची पहिली. याल का?"

"याल का", असं विचारलं, विमल. "या" असं म्हटलं नाही. मी हो म्हटलं. छत्री दाराशी काढून ठेवली आहे. शिट्टी वाजली की कुणाला विचारायचं, का वाजली, ते मात्र अजून ठरलेलं नाही.